कागदावर धोका शून्य: खुब्याच्या ऑपरेशननंतरचा हार्ट अटॅक

ऑपरेशनपूर्वी हृदयाचा धोका मोजायला सहा प्रश्नांची एक यादी जगभर वापरतात. तिच्यात या बाईंना शून्य गुण मिळाले. आधीचा हृदयविकार? नाही. हार्ट फेल्युअर? नाही. पक्षाघात? नाही. मधुमेहाला इन्सुलिन? नाही, गोळ्या चालू. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा आकडा, 2 च्या वर? नाही, 1.4. ऑपरेशन पोटाचं, छातीचं किंवा पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचं? नाही, खुब्याचं. ऑपरेशनला हरकत नाही, असा शेरा पडला आणि तो नियमाला धरूनच होता. ऑपरेशननंतर 38 तासांनी बाईंना हार्ट अटॅक आला, तोही वॉर्डात, सलाईन चालू असताना.

ही यादी 1999 साली बोस्टनमध्ये तयार झाली. तेव्हाच्या आकडेवारीत शून्य गुणवाल्यांना अर्ध्या टक्क्याच्या आसपास त्रास झाला होता. पुढचे अभ्यास एकत्र करून कॅनडाच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनी त्याच शून्याला 3.9 टक्के धोका लावला. म्हणजे शून्य गुणांच्या दर 25 रुग्णांत जवळपास एकाला महिन्याभरात हार्ट अटॅक, हृदय बंद पडणं किंवा मृत्यू. हा आकडा आमच्या ऑपरेशनपूर्व तपासणीच्या फॉर्मवर कुठेच छापलेला नसतो. छापलेला असतो तो फक्त गुण.

ओळख पटू नये म्हणून बाईंचे तपशील थोडे बदलले आहेत.

दाखल होताना

आधारकार्डावर वय 64. शेतमजुरी. मोरीत पाय घसरून उजव्या कुशीवर पडल्या. पहिले दोन दिवस हाडवैद्याचा लेप आणि फडक्याची पट्टी. दुखणं कमी होईना, पाय टेकवेना, तेव्हा थोरल्या मुलाने गाडी करून आणलं. एक्स-रेमध्ये खुब्याचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसत होतं.

बीपी 158/90, नाडी 96, साखर 268, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीएवनसी 9.1. हिमोग्लोबिन 11.2, म्हणजे आमच्याकडच्या या वयाच्या बायकांच्या मानाने बरंच. पण दोन दिवस घरी पडून असताना भांडं घ्यावं लागू नये म्हणून बाई पाणीच पीत नव्हत्या. अंगातलं पाणी कमी झालं की रक्त दाट होतं आणि हिमोग्लोबिन असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. सलाईन गेल्यावर ते किती उतरणार याचा अंदाज या 11.2 मधून येत नाही. ईसीजीत बारीकसारीक बदल, नाव ठेवावं असं काही नाही.

औषधं एका कॅरीबॅगमध्ये होती. तीन प्रकारच्या गोळ्या, तिन्ही स्ट्रिपा कापलेल्या. मेडिकलवाला पंधरा दिवसांच्या गोळ्या कापून देतो, त्यात नाव छापलेला तुकडा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जातो. केसपेपरवर लिहिलं गेलं, “बीपी व शुगरच्या गोळ्या चालू”. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवायचं म्हणून तिन्ही बंद झाल्या, साखरेला गरजेप्रमाणे इन्सुलिन आणि बीपीला अॅम्लोडिपिन सुरू झालं. व्यसनाच्या रकान्यात “नाही”.

दुसऱ्या दिवशी कमरेतून भूल देऊन ऑपरेशन झालं. हाड बसलं, रॉड टाकला, रक्तस्राव अशा ऑपरेशनला होतो तेवढाच. पाठोपाठ नेहमीची औषधं: अँटिबायोटिक, दुखण्याला दिवसातून दोनदा डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, पायात गुठळी होऊ नये म्हणून पोटात एनॉक्सापॅरिन आणि सलाईन.

“पित्त उसळलंय”

नाडी पहिल्या संध्याकाळी 104 होती, दुसऱ्या दिवशी सकाळी 110, दुपारी 114. चार्टवर तिन्ही आकडे नीट लिहिलेले आहेत आणि शेजारी कारणही: दुखतंय. हे कारण खोटं नव्हतं, अपुरं होतं.

त्या रात्री बाईंना मळमळलं, दोनदा उलटी झाली, कपाळावर घाम आला. सूनबाईंनी सिस्टरना सांगितलं, “आत्यांचं पित्त उसळलंय, दोन दिवस पोटात धड काही नाही.” पित्ताचं पँटोप्रॅझोल आणि उलटीचं इंजेक्शन गेलं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही वॉर्डात हेच झालं असतं. बायकांच्या हृदयाच्या दुखण्याला पित्त आणि पुरुषांच्या दुखण्याला गॅस, ही वाटणी घराघरांत ठरलेली आहे आणि ती वॉर्डाच्या दारात थांबत नाही.

रात्रपाळीच्या सिस्टर मात्र इंजेक्शन देऊन निघून गेल्या नाहीत. हात गार लागला म्हणून त्यांनी बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावला. ऑक्सिजन 90, नाडी 124, बीपी 104/70. दोन दिवसांपूर्वी 158 असलेल्या बाईचं बीपी 104 म्हणजे कमीच. त्यांनी कुणाची वाट न पाहता ईसीजी काढला आणि मग फोन केला. ईसीजीत छातीवरच्या तिसऱ्या ते सहाव्या तारेत (लीडमध्ये) एसटीचा भाग, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकानंतरची सपाट रेघ, दोन मिलिमीटर खाली गेला होता. ऑपरेशनच्या आधीचा ईसीजी शेजारी ठेवला की वेगळं काही सांगायची गरज नव्हती.

“छातीत दुखतंय का, मावशी?”

“दुखत न्हाई. जीव घाबरा झालाय नुस्ता.”

ऑपरेशननंतरच्या हार्ट अटॅकचं हे नेहमीचं रूप आहे. पॉइज या मोठ्या चाचणीत 8,351 रुग्ण होते. त्यातल्या 5 टक्क्यांना ऑपरेशननंतर हार्ट अटॅक आला. त्यांपैकी चारातल्या तिघांना तो पहिल्या 48 तासांत आला आणि 65 टक्के लोकांना छातीत दुखण्यासारखं कुठलंही लक्षण नव्हतं. भूल, वेदनाशामकं, झोपेचं इंजेक्शन यांनी दुखणं झाकलं जातं. मधुमेह जुना असेल तर हृदयाकडून येणाऱ्या संवेदना आधीच बोथट झालेल्या असतात. अशा रुग्णाने छातीवर हात ठेवून कळ आल्याचं सांगावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तपासण्या आल्या. हिमोग्लोबिन 7.8. क्रिएटिनिन 1.7. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन 84, जिथे बायकांसाठीची वरची मर्यादा 16. किडनीवर ताण असेल तर ट्रोपोनिन थोडं वाढलेलं असू शकतं, म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत, चढउतार बघतात. तीन तासांनी ते 690 होतं.

दुसरी शंका होती फुप्फुसातल्या गुठळीची. खुब्याचं ऑपरेशन, पडून राहिलेला रुग्ण, धाप, जलद नाडी, वाढलेलं ट्रोपोनिन, सगळं तिलाही लागू पडतं. गुठळीचा माग देणारी रक्ततपासणी, डी-डायमर, ऑपरेशननंतर वाढलेलीच असते, त्यामुळे ती करून उपयोग नव्हता. इकोत हृदयाची उजवी बाजू व्यवस्थित होती. डाव्या कप्प्याची पुढची भिंत आणि टोक नीट हलत नव्हतं, पंपिंग 42 टक्के. पायांच्या शिरांचा डॉपलर साफ. फुप्फुसांच्या तळाशी दोन्हीकडे पाणी ऐकू येत होतं. किडनीची ही अवस्था असताना सीटीसाठी डाय देण्याचं कारण उरलं नाही. निदान: एसटी न वाढलेला हार्ट अटॅक, सोबत हृदयावर ताण येऊन फुप्फुसात साठलेलं पाणी.

धोके कुठे बसले होते

केसपेपर पुन्हा पहिल्यापासून वाचला. बरंचसं त्यात होतंच, पण वेगवेगळ्या पानांवर आणि वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. उरलेलं विचारल्यावर कळलं.

आधी वय. आधारवर 64. पण बाई सांगत होत्या, “बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया जायचो, तवा थोरला पोटात व्हता.” थोरला आता 52 वर्षांचा. आधारचं वय धरलं तर तो झाला तेव्हा आई 12 वर्षांची. खरं वय सत्तरीला टेकलेलं होतं. कॅनडाच्या त्याच सूचना 65 च्या पुढच्या रुग्णांचं बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) ऑपरेशनआधी तपासायला सांगतात आणि ते वाढलेलं निघालं तर ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन. कागदावरच्या वयाने बाई त्या रेषेच्या अलीकडे राहिल्या. ग्रामीण भागातल्या या पिढीची जन्मतारीख बहुतेक वेळा कुणीतरी अंदाजाने टाकलेली असते (1 जून दिसली की शाळेच्या मास्तरांची कृपा समजावी). वय हा ज्या तक्त्याचा मोठा भाग आहे, त्यात ही तारीख डोळे मिटून भरू नये.

मग व्यसन. सकाळी चादर बदलताना उशीखालून एक छोटी डबी निघाली, झाकणाला काळे डाग.

“हे काय, मावशी?”

“मिश्री हाय. तंबाखू न्हाई खात मी, कधीच न्हाई. दात घासती.”

“किती वेळा?”

“सकाळच्याला, जेवल्यावर, आन् झोप येईना तर रातच्याला.”

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखूच. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी वाढवतं, रक्तवाहिन्या आवळतं. ऑपरेशननंतरच्या दोन रात्री बाईंना झोप नव्हती, म्हणजे जलद नाडीच्या तीन आकड्यांमागे दुखण्याशिवाय मिश्रीही होती. 52 देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात चघळायच्या तंबाखूने हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून थोडा जास्त निघाला होता. आणि महाराष्ट्रात प्रश्न कसा विचारावा यावरच सगळं अवलंबून आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या जेमतेम 1.4 टक्के बायका धूम्रपान करत होत्या, तर बिनधुराचा तंबाखू 16.6 टक्के वापरत होत्या. “विडी-सिगारेट ओढता का?” या प्रश्नाला दहापैकी नऊ तंबाखूवाल्या बायका खरेपणाने “नाही” म्हणतील. विचारायचं ते “दाताला काय लावता?” असं.

मधुमेह आणि बीपीबद्दल फार लिहायला नको, ते सर्वांना ठाऊक आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 142 होतं, ते उतरवणारं स्टॅटिन कधी मिळालेलं नव्हतं. दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हेही इंटरहार्टनेच दाखवलं. सहा प्रश्नांच्या यादीत मात्र तंबाखू नाही, कोलेस्टेरॉल नाही, गोळ्यांवरचा मधुमेह नाही आणि मोडलेला खुबा तर साध्या ऑपरेशनांच्या रांगेत बसतो.

इथपर्यंतचे धोके बाई घरून घेऊन आल्या होत्या. पुढचे हॉस्पिटलात जमले आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण ते आपल्या हातात असतात.

कॅरीबॅगमधल्या तिसऱ्या गोळीचं नाव अटॅकच्या दुसऱ्या दिवशी कळलं. नातवाने मेडिकलमधून अख्ख्या स्ट्रिपचा फोटो पाठवला: मेटोप्रोलॉल 50, नाडी आणि बीपी उतरवणारं बीटा-ब्लॉकर जातीचं औषध. दोन वर्षं रोज घेतलेली. बाकीच्या दोन गोळ्या, बीपीचं टेल्मिसार्टन आणि साखरेचं मेटफॉर्मिन, ऑपरेशनआधी थांबवणं बरोबरच होतं, पण बीटा-ब्लॉकर एकदम तोडला की दबून राहिलेली नाडी उसळी मारते, हृदयाची ऑक्सिजनची मागणी वाढते. उपाशी रुग्णालाही ही गोळी घोटभर पाण्याबरोबर देतात. उलट ज्याला ती चालू नाही त्याला ऑपरेशनच्या तोंडावर भरपूर मात्रेत सुरू करणंही धोक्याचं. त्याच पॉइज चाचणीत तसं केल्यावर हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. थोडक्यात, चालू असेल तर तोडू नका, नसेल तर घाईने जोडू नका. त्यासाठी गोळीचं नाव कळायला हवं, आणि ते कापलेल्या तुकड्यावर होतं.

डायक्लोफिनॅक. आमच्याकडे हाड मोडलं की हे इंजेक्शन जणू पट्टीचाच भाग. या औषधाने हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटनांचा धोका सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हे 2013 मध्ये शेकडो चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून स्पष्ट झालं. ते आकडे आठवडे-महिने गोळ्या घेणाऱ्यांचे आहेत, दोन दिवसांच्या इंजेक्शनांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण किडनीवरचा परिणाम दोन दिवसांत दिसतो: क्रिएटिनिन 1.4 वरून 1.7, लघवी कमी, सलाईन चालूच. ते पाणी शेवटी फुप्फुसात साठलं.

आणि रक्त. 11.2 चं 7.8 झालं ते टेबलावरच्या रक्तस्रावाने कमी आणि मांडीच्या आत साठलेल्या रक्ताने व सलाईनने जास्त. खुबा मोडल्यावर मांडीत बरंच रक्त मावतं, बाहेर पट्टी कोरडीच दिसते. हिमोग्लोबिनची दुसरी तपासणी ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ठरलेली होती.

आता हे सगळं एका हृदयाच्या नजरेने पाहा. नाडी 124, म्हणजे काम जास्त आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत रक्त भरायला मिळणारा वेळ कमी, कारण त्या भरतात हृदय सैल पडतं तेव्हा. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा माल तीस टक्क्यांनी घटलेला. बीपी उतरलेलं. आणि धमनी आतून अरुंद आहे की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

कोणत्या जातीचा अटॅक

2018 च्या जागतिक व्याख्येप्रमाणे हार्ट अटॅकचे पहिले दोन प्रकार इथे कामाचे. पहिल्यात धमनीतली चरबीची गाठ फुटते आणि तिच्यावर रक्ताची गुठळी बसते. दुसऱ्यात गुठळी नसते, मागणी आणि पुरवठ्याचा मेळ बसत नाही. बाहेरून येणाऱ्या रुग्णांत पहिला प्रकार गृहीत धरून आपण रक्त पातळ करणारी सगळी औषधं एकदम देतो. इथे तसं केलं असतं तर हिमोग्लोबिन 7.8 आणि दोन दिवसांची ताजी जखम असलेली मांडी आणखी रक्त प्यायली असती. मुलाने विचारलंच, “डॉक्टर, ते गुठळी विरघळायचं इंजेक्शन देऊन टाका ना.” एसटी खाली गेलेल्या अटॅकमध्ये त्या इंजेक्शनचा उपयोग नसतो, आणि एसटी वर गेला असता तरी इतक्या ताज्या ऑपरेशननंतर ते देता आलं नसतं. तालुक्याच्या ठिकाणी ही अडचण मोठी आहे: बाहेरच्या रुग्णाला वाचवणारं हत्यार वॉर्डातल्या रुग्णाला चालत नाही आणि कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-स्टेंटची सोय, दीड तासावर.

म्हणून आधी मेळ दुरुस्त केला. ऑक्सिजन. सलाईन बंद, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स. रक्ताच्या दोन पिशव्या, हळूहळू, मध्ये पुन्हा लॅसिक्स. हार्ट अटॅकमध्ये हिमोग्लोबिन कितीवर न्यावं हा वाद संपलेला नाही. 2023 च्या मिंट चाचणीत 10 च्या वर ठेवलेल्यांत 14.5 टक्के आणि 7-8 वर थांबलेल्यांत 16.9 टक्के जणांना पुन्हा अटॅक किंवा मृत्यू आला. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही, पण कल कुठे आहे ते दिसतं. आम्ही साडेनऊवर थांबलो, कारण फुप्फुसात आधीच पाणी होतं.

डायक्लोफिनॅक बंद. भूलतज्ज्ञांनी मांडीची नस बधिर करणारं इंजेक्शन (ब्लॉक) दिलं आणि तासाभरात नाडी 124 वरून 102 वर आली. संपूर्ण उपचारात सर्वांत झटपट फरक या एका सुईने पडला. ॲस्पिरिन चघळायला दिली, ॲटोर्व्हास्टॅटिन 80 सुरू केलं. एनॉक्सापॅरिन पूर्ण मात्रेत न्यायचं की नाही यावर ऑर्थोच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. ते म्हणाले, हिमोग्लोबिन एक दिवस स्थिर दाखवा, मग माझी हरकत नाही. तसंच केलं. फुप्फुसं साफ झाल्यावर, बीपी 120 च्या वर टिकल्यावर मेटोप्रोलॉल अर्ध्या मात्रेत परत.

सहाव्या दिवशी क्रिएटिनिन 1.2 वर आलं, तेव्हा मोठ्या शहरात अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूच्या पुढच्या धमनीत मधोमध 85 ते 90 टक्के अडथळा, उजवीत 60 टक्के. ताजी गुठळी दिसली नाही. म्हणजे प्रकार दुसरा म्हणावा, तर धमनी इतकी अरुंद. पहिला म्हणावा, तर गुठळीचा पुरावा नाही, आणि पाच दिवसांच्या औषधांनी ती विरली असण्याचीही शक्यता. अशा वेळी नावाचा हट्ट सोडावा. एक स्टेंट टाकला, ॲस्पिरिनसोबत गुठळीविरुद्ध क्लोपिडोग्रेल दिलं. त्याच कामाचं टिकाग्रेलॉर जास्त जोरदार, पण रक्तस्रावाचा धोकाही जास्त, म्हणून ते टाळलं.

वॉर्डातला अटॅक इतका घातक का

कॅलिफोर्नियातल्या 62,021 एसटी वाढलेल्या हार्ट अटॅकचा आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले 4.9 टक्के दुसऱ्याच कारणासाठी दाखल झालेल्या रुग्णांना हॉस्पिटलात आले होते. बाहेरून आलेल्यांत मृत्यू 9.2 टक्के, हॉस्पिटलात असलेल्यांत 33.6 टक्के. हॉस्पिटलातले रुग्ण वयाने मोठे होते आणि त्यांच्यात बायकांचं प्रमाण जास्त होतं. अँजिओग्राफी बाहेरच्यांपैकी 78 टक्क्यांची झाली, आतल्यांपैकी 34 टक्क्यांची. डॉक्टर, नर्स, ईसीजी मशीन पंचवीस पावलांवर असूनही! कारण बाहेरचा रुग्ण एकच तक्रार घेऊन येतो. आतल्याकडे प्रत्येक लक्षणासाठी तयार कारण असतं: नाडी जलद म्हणजे दुखतंय, उलटी म्हणजे भूल उतरली नाही, धाप म्हणजे पडून राहिल्यामुळे, बीपी कमी म्हणजे सलाईन वाढवा.

बाई सहा आठवड्यांनी वॉकर धरून तपासणीला आल्या. पंपिंग 50 टक्के, एलडीएल 68. मिश्री “सकाळची एकच” उरली आहे असं त्या म्हणतात, सूनबाई मान हलवून नाही म्हणतात. एचबीएवनसी अजून 8 च्या वर आहे.

ऑर्थोच्या डॉक्टरांशी एका मुद्द्यावर अजून जमलेलं नाही. खुबा मोडलेल्या प्रत्येक रुग्णाचं ऑपरेशनआधी आणि नंतर दोन दिवस ट्रोपोनिन करावं, असं माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं, एका तपासणीला हजार-दीड हजार लागतात, तीनदा केली तर शेतमजुराच्या घरातून तेवढे कुठून आणायचे, आणि वाढलेलं निघालं तर कॅथलॅब कुठाय? सध्या एवढ्यावर मिटवलं आहे: हिमोग्लोबिनची तपासणी तिसऱ्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी पहाटे, नाडी सलग दोनदा 110 च्या वर गेली की ईसीजी, ट्रोपोनिन त्यानंतर. आणि दाखल करताना स्ट्रिप कापलेली असली तर नातेवाइकाला तिथल्या तिथे मेडिकलवाल्याला फोन लावायला सांगायचा.